जुनी गाडी, मोजके डिझेल आणि अम्मीची सफर

पिंपळी हे बारामती तालुक्यातले गाव. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून जवळच. लिमटेक शेजारी असल्यामुळे लोक ‘पिंपळी-लिमटेक’ असे जोडूनच म्हणतात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि त्यावरचा ऊस हे इथले मुख्य दृश्य. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे याच रस्त्याने जाते. आता हा रस्ता पालखी महामार्ग झाला आहे.

घर चाकांवर घालून फिरणे ही कल्पना या रस्त्यावरच्या माणसांना नवी नाही. आषाढीच्या आधी दिंड्यांचे ट्रक जातात. त्यांत पातेली, शिधा, अंथरुणे, तंबूचे बांबू असे सगळे असते आणि मागे पाण्याचा टँकर असतो. दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या गाड्या येतात. त्यांचाही सगळा संसार गाडीवरच असतो. तेव्हा शहरातले लोक ‘मोटरहोम’ किंवा ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतात तेव्हा आम्हाला पहिल्यांदा हेच आठवते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण आम्ही गाडी शोधू लागलो ते पर्यटनासाठी नाही. आम्हाला अम्मीला तिच्या बहिणीकडे न्यायचे होते.

अम्मीने सत्तरी ओलांडली आहे. गुडघे दुखतात, साखरेचा आजार आहे आणि दर तास-दीड तासाने लघवीला जावे लागते. एसटीची पायरी तिला चढवत नाही. भाड्याच्या जीपमध्ये पाय लांब करता येत नाहीत. वाटेत बायकांसाठी स्वच्छ सोय कुठे मिळेल याची खात्री नसते, म्हणून ती प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणेच बंद करते, आणि मग आजारी पडते. तिची धाकटी बहीण, आमची खाला, कलबुर्गीला म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला दिलेली. दोघी रोज फोनवर बोलतात, पण सहा वर्षांत भेट झालेली नव्हती. खालाचे हृदयाचे ऑपरेशन झाले तेव्हाही अम्मी जाऊ शकली नाही. त्या दिवशी ती कोणाशी काही बोलली नाही. संध्याकाळी मगरिबनंतर जानमाजवर बराच वेळ बसून राहिली.

आमच्या घरात सहा माणसे. आम्ही ठरवले की अशी एखादी जुनी गाडी घ्यायची, जिच्यात अम्मीला आडवे होता येईल, पडदा लावून टॉयलेटची सोय करता येईल, आणि बाकीच्यांना बसता येईल. जुनीच का, तर नवी घ्यायची म्हणजे कर्ज आणि कर्ज म्हणजे व्याज. ते आम्हाला नको होते. भावंडांनी मिळून रोख जमवली आणि पाच लाखांची मर्यादा घातली. त्यातच गाडी, कागदपत्रे आणि आतले काम बसवायचे. आणखी एक गोष्ट ठरवली. गाडी डिझेल फार पिणारी नको. घेताना परवडली आणि चालवताना परवडली नाही, तर ती दारात उभी राहील आणि अम्मीही घरातच राहील.

आधी किलोमीटर मोजले

गाडी बघायला गेले की प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, “ॲव्हरेज किती?” आम्ही त्याआधी दुसरा प्रश्न स्वतःला विचारला. वर्षात आपण फिरणार किती? वही घेऊन बसलो. कलबुर्गीच्या दोन फेऱ्या, पुण्याला डॉक्टरकडे काही फेऱ्या, एखादे लग्न, एखादी मयत, ईदनंतरचा एखादा प्रवास. बेरीज तीन हजार किलोमीटरच्या आसपास आली.

मग हिशेब केला. डिझेलचा भाव सोयीसाठी लिटरला ९० रुपये धरला. लिटरला ९ किलोमीटर देणारी गाडी तीन हजार किलोमीटरला सुमारे ३३३ लिटर डिझेल घेते, म्हणजे ३०,००० रुपये. लिटरला १२ देणारी गाडी २५० लिटर घेते, म्हणजे २२,५०० रुपये. वर्षाचा फरक ७,५०० रुपये. आता बारा देणारी गाडी नऊ देणारीपेक्षा दीड लाखाने महाग असेल, तर ते दीड लाख डिझेलमधून भरून निघायला वीस वर्षे लागतील. तेवढी वर्षे ती जुनी गाडी टिकणारही नाही. पण कोणी वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणार असेल, तर हाच फरक ३७,५०० रुपयांचा होतो आणि दीड लाख चार वर्षांत वसूल होतात. गाड्या त्याच आहेत, पण दोन घरांसाठी उत्तर वेगळे आहे.

ॲव्हरेजच्या आकड्यात आणखी एक फसवे वळण असते. आठ देणारी गाडी सोडून दहा देणारी घेतली, तर शंभर किलोमीटरला अडीच लिटर वाचतात. चौदाची सोडून सोळाची घेतली, तर त्याच शंभर किलोमीटरला एक लिटरही पुरते वाचत नाही. दोन्हीकडे ॲव्हरेज दोननेच वाढले. म्हणून ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असे विचारावे, म्हणजे खिशातून किती जाणार ते नीट दिसते. मोठ्या, जड गाड्यांत फरक मोलाचा असतो, छोट्या गाड्यांत कमी.

बारामतीत पाहिलेल्या गाड्या

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. आपे रिक्षा आणि टेम्पो इथेच तयार होतात. त्यामुळे या भागात गाड्यांची जाण असलेल्या फिटर-मिस्त्रींची वाण नाही. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, आमच्याबरोबर प्रत्येक ठिकाणी आले.

पहिली गाडी होती जुनी मारुती ओम्नी. पेट्रोलची, हलकी, ८०० सीसीच्या आतले इंजिन. कागदावर ॲव्हरेज सगळ्यांत चांगले. मागची सीट काढून एक माणूस झोपू शकेल. पण सहा माणसे आणि टॉयलेट तिच्यात बसत नाहीत. मग मागून दुसरी गाडी न्यावी लागणार. चाचा म्हणाले, “दोन गाड्यांचं पेट्रोल मिळून एका मोठ्या गाडीच्या पुढं जाईल. माणशी किती जळतं ते बघा.” हा मुद्दा पटला.

दुसरी होती एका रुग्णालयाची निवृत्त रुग्णवाहिका. छत उंच, आत खाट, मीटरवर किलोमीटर कमी, किंमतही कमी. आम्हाला ती आवडली होती. चाचांनी सांगितले की रुग्णवाहिका बराच वेळ उभ्या जागी इंजिन चालू ठेवून थांबते. मीटर फक्त चाके फिरल्याचे दाखवतो, इंजिन किती तास चालले ते दाखवत नाही. त्यांनी इंजिन सुरू करून तेलाचे झाकण उघडले. आतून धुराचे जोरदार फुत्कार येऊ लागले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळालेला वायू खाली उतरतो, ताकद कमी होते आणि त्याच कामाला जास्त डिझेल लागते. ती गाडी तिथेच सोडली.

धुराचा रंग बघायलाही आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. गाडी जोर काढताना फार काळा धूर सोडत असेल तर डिझेल पुरते जळत नाही. एअर फिल्टर, नोझल, पंप किंवा टर्बो यांत दोष असू शकतो. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात असेल किंवा नोझल नीट चालत नसतील. नोझलचे काम आटोक्यातल्या खर्चात होते, इंजिन बांधायला मात्र मोठी रक्कम लागते. दोष कुठला आहे हे कळल्याशिवाय ‘जुनी आहे, पिणारच’ असे म्हणून पुढे जाऊ नये.

आमच्या भागात अलीकडे आणखी एक तपासणी गरजेची झाली आहे. मे २०२५ च्या जोरदार पावसात नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला आणि पाणी शेतांत शिरले. असा पूर जिथे येतो तिथल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या काही महिन्यांनी धुऊन-पुसून बाजारात येतात. म्हणून आम्ही प्रत्येक गाडीची चटई उचलून खालचा पत्रा पाहिला, सीटखालच्या वायरी पाहिल्या, कोपऱ्यात गाळ आहे का पाहिले.

पुण्यातले तयार मोटरहोम

तयार मोटरहोम कसे असते ते पाहायला आम्ही पुण्याकडे गेलो. आपल्याकडची बहुतेक अशी घरे ट्रॅव्हलरवर बांधलेली असतात. ट्रॅव्हलर बनवणारी कंपनी पुण्याजवळच्या आकुर्डीची. १९५८ साली सुरू झालेली बजाज टेम्पो, जिचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स आहे. मर्सिडीजच्या व्हॅनवरून ही गाडी आली आणि जुन्या ट्रॅव्हलरचे इंजिनही मर्सिडीजच्याच घराण्यातले. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि रस्त्यात अडली तर दुरुस्त करणारा भेटतो. जुन्या गाडीत हा गुण ॲव्हरेजइतकाच महत्त्वाचा.

आम्ही पाहिलेले मोटरहोम भाड्याने फिरवले जायचे. आत जाड प्लायवूडची कपाटे, दगडी ओटा, फ्रिज, जनरेटर, छतावर एसी आणि दोनशे लिटरची पाण्याची टाकी. मुले खूश झाली. अम्मी एका खुर्चीत बसून इकडे-तिकडे बघत म्हणाली, “हे तर आपल्या घरापेक्षा भारी आहे. याला ओढायला किती लागत असेल?”

तिने नेमके बोट ठेवले. दोनशे लिटर पाणी म्हणजेच दोनशे किलो. जनरेटर, बॅटऱ्या, ओटा, फर्निचर यांचे वजन त्याहून वेगळे. गाव-शहरातल्या रस्त्यांवर, जिथे पुन्हा पुन्हा थांबावे आणि निघावे लागते, तिथे प्रत्येक किलो ओढायला डिझेल लागते. घाटात तर लागतेच. मोकळ्या महामार्गावर वजनापेक्षा वारा जास्त खातो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या जागी ऐंशीने गेलो तर तो पावणेदोन पटींहून जास्त होतो. गाडी जेवढी उंच आणि रुंद, तेवढी हवा ढकलावी लागते. त्यात छतावर एसी आणि कॅरिअर बसवला की अडथळा आणखी वाढतो. मालकाने सांगितले की ती गाडी लिटरला सहा-सातच्या पुढे जात नाही. त्याने खरे सांगितले याचे आम्हाला बरे वाटले. त्याला दुआ देऊन परत आलो.

परतताना गाडीत चर्चा झाली ती गरज आणि हौस यांवर. आम्हाला लागणाऱ्या गोष्टी चारच होत्या. एक लांब बाक, पडद्यामागे टॉयलेट, पिण्याचे आणि वुजूचे पाणी, आणि अम्मीला चढता येईल अशी पायरी. ओटा, फ्रिज, जनरेटर यांतले काहीच यादीत नव्हते. कुरआनात उधळपट्टीची निंदा केली आहे, हे आपण लग्नाच्या जेवणावळी पाहून एकमेकांना सांगतो. गाडीतही तोच नियम लागतो, कारण इथे अनावश्यक वस्तूची किंमत एकदा देऊन सुटका होत नाही. ती प्रत्येक किलोमीटरला पुन्हा द्यावी लागते.

इंदापूरची विंगर

शेवटी गाडी मिळाली ती इंदापूरकडे. एका डाळिंब बागायतदार कुटुंबाची टाटा विंगर, २०१४ ची, पांढऱ्या पाटीची, पहिल्याच मालकाच्या नावावर. विंगर २००७ मध्ये बाजारात आली. तिची पुढची चाके गाडी ओढतात, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा खाली नसतो आणि गाडीचा तळ जमिनीजवळ राहतो. अम्मीने एक हात दाराच्या दांड्याला लावला आणि कोणाचाही आधार न घेता आत चढली. आमचे निम्मे मत तिथेच बनले.

उरलेल्या निम्म्यासाठी चाचांनी दोन तास घेतले. मीटर मागे फिरवलेला आहे का हे त्यांनी ब्रेक-क्लचच्या पॅडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि चालकाची सीट पाहून ताडले. चारही चाके एकेक करून जॅकवर उचलून हाताने फिरवली. मागचे डावे चाक अडत होते. ब्रेक थोडा धरून राहत होता. असा ब्रेक सतत डिझेल खातो आणि मालकाला ते कळतही नाही. तो दोष काढण्याचा खर्च किमतीतून कमी झाला. टायर चारही एकाच मापाचे आणि एकसारखे झिजलेले होते, म्हणजे अलाइनमेंट ठीक. दारांखालचा पत्रा टोचून पाहिला, कुठे सडलेला नव्हता. आरसी बुकवर कर्जाचा बोजा नव्हता. दंडाची चलाने ऑनलाइन पाहून घेतली.

मग चालवून पाहिली. मालकाच्या परवानगीने, डिझेल आमचे. त्यासाठी आम्ही घरचाच फेरा निवडला. पिंपळीहून भिगवण, तिथून सोलापूर महामार्गाने इंदापूर, आणि इंदापूरहून परत पिंपळी. सुमारे सव्वाशे किलोमीटर. यात गावचा रस्ता, महामार्ग आणि उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगणारा रस्ता असे तिन्ही प्रकार येतात. निघताना पंपावर टाकी पहिल्या कटपर्यंत भरली आणि परतल्यावर त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरली. जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरला भागले. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा हा जुना मार्ग बरा. एका फेऱ्यात थोडी चूक राहू शकते, म्हणून दोनदा केला.

भिगवणला उजनी धरणाचे पाणी पसरलेले दिसते. भीमा नदीवरच्या या धरणाच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि बघ्यांची गर्दी होते. इथले मासे प्रसिद्ध. आपल्यासाठी आणखी एक सोय अशी की मासळी खाताना हलालची चौकशी करावी लागत नाही. अम्मीने बाकावर पाय लांब करून, खिडकीतून पाणी बघत जेवण केले. इंदापुरात चांदशाहवली बाबांचा दर्गा आहे आणि मालोजीराजे भोसले यांच्या गढीचे गावही हेच. मालोजीराजांनी आपल्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून ठेवली, हे मुलांना आम्ही तिथेच सांगितले.

परतीच्या वाटेवर भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर लागले. दोन ट्रेलर, वर वाकलेला ऊस, वेग वीस-पंचवीस. इथे डिझेल कसे वाया जाते ते दिसले. जोरात पुढे जायचे, ओलांडायचे, शंभर मीटरवर पुन्हा ब्रेक लावायचा. प्रत्येक ब्रेकमध्ये आधी जाळलेले डिझेल उष्णता होऊन निघून जाते. दुसऱ्या फेऱ्याला आम्ही अंतर ठेवून, मोकळा रस्ता दिसेपर्यंत मागे राहून चाललो आणि महामार्गावर काटा साठ-पासष्टवर ठेवला. पहिल्या फेऱ्याला लिटरला दहा आणि वर थोडे पडले होते, दुसऱ्याला बारा. गाडी तीच, रस्ता तोच, माणसे तीच. वेळ लागला तो वीसेक मिनिटे जास्त.

कागद आणि वजनकाटा

गाडीच्या आत बदल करायचा तर मनाने करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवरच्या नोंदींपेक्षा गाडी वेगळी होणार असेल तर आधी आरटीओची मंजुरी लागते. आमची गाडी एमएच-४२ म्हणजे बारामतीची. सीट कमी करणे, बाक पक्का बसवणे, हे सगळे आधी विचारून, नोंद करून केले. नोंदीशिवाय केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म लागतात. पूर्वीचे कर्ज फिटलेले असेल तर बोजा उतरवण्यासाठी ३५ क्रमांकाचा. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्यावा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी करून नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी तो पुढचा खर्च किमतीत धरून पाहावा. अजमेर करून पुढे दिल्लीला जायचा विचार असेल तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांसाठी तिथले नियम कडक आहेत. ते त्या वेळी पाहूनच निघावे.

आतले काम सुरू करण्यापूर्वी आणि झाल्यावर आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली. उसाच्या पट्ट्यात काट्यांना तोटा नाही. सुताराला सांगून ठेवले होते की सगळे मिळून दीडशे किलोच्या आत बसले पाहिजे. बाकाला जाड प्लायऐवजी पोकळ चौकोनी पाइपची चौकट केली. उचलून नेता येणारे टॉयलेट घेतले आणि त्याभोवती जाड कापडाचा पडदा लावला. गॅसची शेगडी आत ठेवली नाही. बंद गाडीत ती धोक्याची. डबे घरून भरायचे आणि चहा टपरीवर प्यायचा. इंजिन चालू ठेवून एसीत बसायचे नाही, थांबल्यावर खिडक्यांना जाळ्या लावायच्या, हेही ठरले.

पाण्याचा हिशेब अम्मीने केला. सहा माणसांचे पाच वेळचे वुजू, प्रत्येकी एक लिटर धरले तर दिवसाला तीस लिटर. वाटेत मशीद लागली तर वुजू तिथेच. वाहत्या पाण्याकाठी बसलो तरी वुजूत पाणी वाया घालवू नये, ही आपली शिकवण. मग गाडीत तरी जास्त कशाला? वीस-वीस लिटरचे दोन कॅन पुरले. दोनशे लिटरच्या टाकीपेक्षा गाडी एकशे साठ किलोने हलकी राहिली.

कलबुर्गीची वाट

पिंपळीहून इंदापूर, सोलापूर, अक्कलकोट करत कलबुर्गी सुमारे २७० किलोमीटर. फजर पढून निघालो. दर तासाने थांबलो. अम्मीला पडद्यामागची सोय असल्यामुळे तिने पहिल्यांदाच प्रवासात मनसोक्त पाणी प्यायले. सोलापुरात जोहरची नमाज कसर केली, डबे उघडले, अम्मी तासभर झोपली. असरच्या सुमारास खालाच्या दारात गाडी उभी राहिली. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दोघीही बराच वेळ बोलल्या नाहीत, नुसत्या एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून ख्वाजा बंदे नवाज यांच्या दर्ग्यावर फातिहा पढायला गेलो. दिल्लीहून दक्षिणेत आलेले हे बुजुर्ग बहमनी सुलतान फिरोजशाहच्या काळात गुलबर्ग्यात स्थिरावले आणि १४२२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. खाला अम्मीला धरून चालत होती आणि अम्मी खालाला.

जाऊन-येऊन ५४० किलोमीटरला ४६ लिटर डिझेल लागले, म्हणजे लिटरला पावणेबारा. सहा माणसांत वाटले तर माणशी ७०० रुपयांच्याही आत. नऊ देणारी गाडी असती तर ६० लिटर लागले असते, म्हणजे सुमारे १,२६० रुपये जास्त. आता ही रक्कम अशी आहे का, की तिच्यासाठी अम्मी घरी राहिली असती? नाही. पण दर फेरीला तेवढे जास्त लागले असते, तर दुसरी फेरी आपण ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून टाळली असती, हेही खरे. घरखर्चात असेच होते. जे कोणी ठरवून बंद करत नाही, ते हळूहळू बंद पडते.

ज्या वाचकांच्या घरी असे वडीलधारे आहेत आणि जे अशी गाडी शोधत आहेत, त्यांनी आधी आपले वर्षाचे किलोमीटर लिहून काढावेत. वर्षातून एक-दोनदाच जायचे असेल तर गाडी घेऊच नये, भाड्याची नीट गाडी स्वस्त पडेल. घ्यायचीच असेल तर ज्या माणसासाठी घेताय त्याला आधी तिच्यात चढवून बघावे. ॲव्हरेज त्यानंतर विचारावे, आणि विक्रेत्याचा आकडा न मानता स्वतः टाकी भरून मोजावे. जाणकार मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याच्या दिवसाची मजुरी त्याला आग्रहाने द्यावी. आत भरायच्या वस्तूंची यादी करून त्यातली निम्मी खोडावी. रस्त्यावर साठ-पासष्टने चालावे आणि टायरमधली हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी.

खाला आता म्हणते की पुढच्या फेरीला ती आमच्याबरोबर पिंपळीला येणार. अम्मीने बाकाची लांबी मोजून घेतली आहे. दोघी आडव्या होणार नाहीत, पण समोरासमोर पाय लांब करून बसता येईल. इन्शाअल्लाह, कारखान्याचा हंगाम संपून रस्ता मोकळा झाला की निघू.